वळकटी ट्रकात टाकायची

लाल कापडी बांधणीची, उभी, दोनशे पानी वही. मी गेली बारा वर्षं लोकांचे हिशेब लिहिते. आमच्याकडे येणारे एक-दोन जुने व्यापारी अजूनही रोजमेळ अशाच वहीत लिहून आणतात आणि मग आम्ही तो कॉम्प्युटरवर चढवतो. त्यांच्यासाठी घेतलेली एक कोरी वही माझ्या ऑफिसच्या पिशवीत तशीच राहिली होती. 14 जून 2019 ला माझी मुलगी जन्मली आणि दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला घरून ती पिशवी आणायला सांगितली. खाटेवर उशीला टेकून, सलाईन लावलेल्या हातानं मी पहिल्या पानावर रकाने आखले. वेळ. सॅच्युरेशन. ठोके. दूध. वजन. शू, शी. शेरा.

मुलीला मी तोवर पाहिलंही नव्हतं.

तिचे 28 आठवडे भरले होते. चाळीस लागतात. माझं ब्लडप्रेशर एका संध्याकाळी असं काही चढलं की डॉक्टर म्हणाले, आता थांबलो तर दोघींचं अवघड आहे. तासाभरात सिझेरियन झालं. वजन 980 ग्रॅम. वाण्याकडच्या साखरेच्या किलोच्या पुड्याहून वीस ग्रॅम कमी.

तिसऱ्या दिवशी मला व्हीलचेअरवर बसवून एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेलं. काचेच्या पेटीत ती उताणी होती. डोक्यावर लोकरीची टोपी, नाकात सी-पॅपच्या, म्हणजे दाबानं हवा आत सोडणाऱ्या यंत्राच्या नळ्या, तोंडातून पोटात गेलेली दुधाची बारीक नळी. कातडी इतकी पातळ की पोटावरच्या शिरा मोजता आल्या असत्या. पाऊल माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढं, आणि त्या पावलाला बांधलेल्या पट्टीतून लाल दिवा चमकत होता. पेटीवरच्या चिठ्ठीत तिचं नाव नव्हतं. ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझं नाव. मी तिच्याकडे किती वेळ पाहिलं असेन कोण जाणे, पण मला नीट आठवतं की माझी नजर तिच्यावरून निघून वरच्या मॉनिटरवर गेली, आणि मग तिथेच राहिली.

ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांना सांगते. एवढ्या लवकर आलेल्या बाळाचा मेंदू श्वास घ्यायचं मध्येच विसरतो. पंधरा-वीस सेकंद छाती हलत नाही. ठोके मंदावतात, सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वदीतून ऐंशीत, मग सत्तरीत उतरतो आणि यंत्र वाजू लागतं. सिस्टर येते, पेटीच्या गोल खिडकीतून हात घालते, तळव्याला टिचकी मारते किंवा पाठीवर दोन बोटं चोळते. बाळ दचकतं, श्वास घेतं, आकडा पुन्हा चढतो. मेंदूला आठवण राहावी म्हणून कॅफिन देतात, कॉफीत असतं तेच. दिवसातून आठ-दहा वेळा हे व्हायचं. आठ-दहा वेळा माझी मुलगी जायची आणि परत यायची.

मी ते सगळं लिहीत होते. आत जायला मिळायचं तेव्हा पाहून, एरवी सिस्टरांना विचारून, रात्री नवऱ्याला वर पाठवून. हिशेब लिहिणाऱ्या माणसाची मनातून एक समजूत असते की जे वहीत उतरलं ते हाताबाहेर जात नाही. फरक कुठे आहे ते शोधायचं, नोंद दुरुस्त करायची, ताळा लागतो. माझं आयुष्य असं चाललं होतं आणि चांगलं चाललं होतं. मी दोन रंगांची पेनं वापरत होते. आकडा 85 च्या खाली गेला की लाल. पाचव्या दिवशी वजन 890 पर्यंत उतरलं. पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच असं डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, तरी मी ते लाल पेनानं लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

नवव्या दिवशी मी एका सिस्टरशी भांडले. बाळाला दर दोन तासांनी तीन मिली दूध चालू होतं आणि तिनं चार दिलं होतं. मी वही उघडून तिच्यापुढे धरली. ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. तिनं आवाज चढवला नाही. डॉक्टरांनी सकाळीच वाढवून दिलंय ताई, पचतंय तिला, म्हणून वाढवलंय, एवढंच म्हणाली. चांगली बातमी होती ती. माझ्या मुलीच्या पोटात एक मिली दूध जास्त मावत होतं, आणि मी ते चूक म्हणून पकडलं होतं.

आणि ते दूध, जे या अख्ख्या हॉस्पिटलात फक्त मीच देऊ शकत होते, ते आटत चाललं होतं.

दर तीन तासांनी पंप लावून दूध काढायचं, बाटलीवर वेळ आणि नाव लिहायचं, वर नेऊन द्यायचं. पहिल्या दिवसांत पाच मिली, मग दहा, मग पंचवीसपर्यंत गेलं होतं. दहाव्या-अकराव्या दिवशी ते पुन्हा सातावर आलं. मी रात्रीचीही झोपत नव्हते. पंप लावलेला असतानाही मांडीवर वही असायची आणि मी मागच्या पानांवरच्या लाल नोंदी मोजत असायची, कालच्याहून आज कमी की जास्त. छाती दगडासारखी व्हायची आणि बाटलीत थेंब थेंब.

माझी आत्या हे सगळं खोलीच्या कोपऱ्यात बसून बघत होती.

आत्या फलटण तालुक्यातली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाच्या चोवीस एकादश्या, आणि आळंदी ते पंढरपूर पायी वारी. त्या वर्षी तिची विसावी होती. मुलगी झाल्याचं कळलं तशी ती एसटीनं पुण्याला आली. किती आठवड्यांची, असं विचारलं. मी म्हटलं अठ्ठावीस. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “अठ्ठावीस म्हणजे त्याचाच आकडा की गं.” आरतीतली अठ्ठावीस युगं तिच्या मनात आली होती. मला तेव्हा राग आला. माझ्यासाठी तो आकडा बारा कमी होता.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पालख्या पुण्यात आल्या, भवानी पेठेत ज्ञानोबारायांची, नाना पेठेत तुकोबारायांची, तरी आभाळ नुसतं दाटून होतं. आत्याची दिंडी नेहमीप्रमाणे माउलींच्या सोहळ्यात होती. आमच्या खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. पताका, टाळ, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, कडेला केळी आणि पाणी वाटणारी मंडळं. आत्यानं दिंडीत आधीच पैसे भरले होते आणि तिची वळकटी आळंदीतच दिंडीच्या ट्रकात पडली होती, कुणाच्या तरी हाती तिनं ती पाठवली होती. पुण्यात पोचल्यावर आपण गाठू, असं तिच्या मनात असावं. संध्याकाळी ती भवानी पेठेत जाऊन आली. येताना वळकटी बरोबर घेऊन आली. चादर, दोन लुगडी, एक पातेलं, सुतळीनं बांधलेलं. कोपऱ्यात ठेवून दिली आणि काहीच बोलली नाही.

मी विचारलं, “आत्या, विसावी वारी गं तुझी.”

“हितंच हाय की वारी,” म्हणाली. मग माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघून म्हणाली, “तुला ट्रकाची गोष्ट सांगते.”

वारीतलं हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, प्रत्येक दिंडीचा आपला ट्रक असतो. पहाटे उठून आंघोळ झाली की अंथरूण-पांघरूण गुंडाळायचं, सुतळी आवळायची, ओळखीची चिंधी बांधायची आणि वळकटी ट्रकात टाकायची. ट्रक पुढच्या मुक्कामाला जातो. तिथे तंबू पडतात, चुली पेटतात, आणि संध्याकाळी वारकरी पोचतो तेव्हा त्याची वळकटी त्याच्या आधी पोचलेली असते. दिवसभर खांदे मोकळे. हातात टाळ, नाहीतर पताका. कुणाच्या डोक्यावर तुळस.

“पैल्या वारीला मी नाही टाकली,” आत्या म्हणाली. “शेकडो ट्रक. त्यात माझं गाठोडं कुठं गेलं तर? पैसेबी त्यातच होते. पुण्यातनं निघालो, हडपसर गेलं, दिवे घाट लागला. सगळी माणसं नाचत चालल्यात आन् मी पाठीवर बोचकं घेऊन वाकून रस्ता बघत चाललीय. निम्म्या घाटात बसकण मारली. आमच्या दिंडीत एक म्हातारी होती, सत्तरीची. ती थांबली. म्हणाली, ट्रकात का नाही टाकलंस? म्हटलं, ट्रक चुकला तर? ती म्हणाली, अगं, ट्रक चुकंल न चुकंल, तू तर आत्ताच बसलीस.”

मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. मी म्हटलं, “म्हणजे सगळं देवावर टाकून बसायचं का?”

“बसायचं कुठं? वळकटी ट्रकात टाकायची गं. पाय नाही.”

तिनं वहीसाठी हात पुढे केला. उद्या पहाटे दिंडी सासवडला निघते, बायका ओळखीच्या आहेत, वही पंढरपूरला जाऊन येऊ दे, असं तिचं म्हणणं. लोक वारकऱ्यांच्या हाती काय काय पाठवतात. नारळ, अकरा रुपये, तुळशीची माळ, नुसता निरोप. मी विचारलं, उद्याचे आकडे कशात लिहू. ती म्हणाली, लिहू नकोस. सिस्टर लिहितात की. आणि ते खरंच होतं. पेटीच्या पायथ्याशी अडकवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक तासाची नोंद होती, माझ्याहून नीट, माझ्याहून पूर्ण. बारा दिवस मी एका चालू हिशेबाची दुसरी प्रत लिहीत होते आणि समजत होते की माझ्या लिहिण्यावर तो हिशेब चालला आहे.

वही देताना माझे हात थरथरले हे मी सांगायला हवं. ती दिली नाही तर काहीतरी होईल असं नव्हे, ती दिली म्हणून काहीतरी होईल अशी भीती होती. आत्यानं ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, गाठ मारली आणि रात्रीच भवानी पेठेत देऊन आली.

इथे मी खोटं लिहिणार नाही. त्या रात्री मला शांत झोप लागली नाही. हात सारखा उशाशी वही चाचपत होता. मनातल्या मनात रकाने भरत होते. पण पहाटेच्या वेळी मी पंप लावला तेव्हा मांडीवर काही नव्हतं. आत्या मागे बसून माझी पाठ चोळत होती, मानेपासून खाली, एका लयीत, जशी लहानपणी ताप आला की चोळायची. “पान्हा ओढून येत नसतो,” ती म्हणाली, “सोडला की येतो.” खाली रस्त्यावर दिंड्या निघत होत्या. टाळांचा आवाज लांब लांब जात होता. माझ्या छातीत मुंग्या आल्यासारखं झालं, आणि मी खाली पाहिलं तर बाटलीत धार लागली होती.

पुढे डॉक्टरांनी मला याचं कारण सांगितलं. दूध बनणं वेगळं आणि उतरणं वेगळं. उतरायला ऑक्सिटोसिन लागतं, आणि भीती, दुखणं, ताण त्याला अडवतात. मला ते कारण ऐकून बरं वाटलं. आत्याचं म्हणणं त्यानं खोटं पडलं नाही. आपल्या भाषेनं त्या उतरण्याला वेगळं नाव ठेवलं आहे, दूध वेगळं आणि पान्हा वेगळा, ते काही उगीच नव्हे.

दोन दिवसांनी कांगारू केअर सुरू झालं. बाळाला नुसता डायपर आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून कापडानं बांधायचं, तास दोन तास तसंच बसायचं. कोलंबियात बोगोटाच्या एका हॉस्पिटलात 1978 मध्ये पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आयांच्या छातीचीच पेटी केली, तिथून हे जगभर गेलं. बाळाचं अंग गरम राहतं, वजन वाढतं, श्वास स्थिर होतो. आईनं त्यात काय करायचं, तर काहीच नाही. मागे रेलून बसायचं.

मला ते जमेना. ती माझ्या छातीवर होती, एखादं पाखरू ठेवावं इतकी हलकी, आणि मी मान वाकडी करून डाव्या खांद्यामागचा मॉनिटर बघत होते. ज्या सिस्टरशी मी भांडले होते तीच त्या दिवशी ड्यूटीवर होती. ती आली, मॉनिटरचा स्टँड धरला आणि पडदा स्वतःच्या टेबलाकडे वळवून टाकला.

“तो आम्ही बघतो ताई. तुम्ही तिच्याकडे बघा.”

मी खाली पाहिलं. टोपीच्या कडेतून काळ्या केसांची एक बट आली होती. कान अजून मऊ होता, कागदासारखा दुमडलेला, आणि कानावर लव होती. मुठीत तिनं माझ्या गळ्यातली साखळी पकडली होती. पंधरा दिवसांत मी एवढं सगळं पाहिलंच नव्हतं.

आणि मग ती थांबली. यंत्र वाजायच्या आधी मला कळलं, कारण माझ्या छातीवरची ती हालचाल बंद झाली. सिस्टर टेबलावरूनच म्हणाली, पाठीवरून हात फिरवा. धावत आली नाही. मी हात फिरवला. खालून वर, दोन बोटांनी, कापडाच्या आतून. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिचं अख्खं अंग आखडलं आणि तिनं श्वास घेतला, इतका मोठा की माझ्या गळ्याला वारा लागला. त्या क्षणी माझे दोन्ही हात मोकळे होते. आठवडाभरापूर्वी एका हातात पेन असतं.

हे इथे संपवलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. पण आमच्या शेजारच्या पेटीत 26 आठवड्यांचा एक मुलगा होता. त्याची आई मराठवाड्यातली, माझ्याहून लहान. बाहेरच्या स्टीलच्या खुर्च्यांवर आम्ही शेजारी बसायचो, तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी खाल्ली आहे. तिनं तुळजाभवानीला बोललं होतं, गावच्या पिराला बोललं होतं, चप्पल सोडली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याला जंतुसंसर्ग झाला आणि तीन दिवसांत तो गेला. तिच्या बाटल्या अजून फ्रीजमध्ये होत्या. दूध यायचं थांबत नव्हतं. आत्यानं तिला आमच्या खोलीत आणलं, दार लावलं, छातीला घट्ट कापड बांधून दिलं आणि ती रडत असताना नुसती तिचे पाय चेपत बसली.

ती गेल्यावर मी आत्याला विचारलं. जरा जोरातच विचारलं. तिनं नव्हता का टाकला भार? तिचा ट्रक का चुकला?

आत्याचे डोळे भरले होते. म्हणाली, “मला ठाव नाही गं.”

मी आत्याला कीर्तनात, पारायणात, मयताच्या घरी शेकडो वेळा बोलताना ऐकलं आहे. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला ओवी असते, अभंग असतो. त्या दिवशी तिनं एकही काढला नाही. आज मला वाटतं की माझा देवावरचा विश्वास खरा बसायला लागला तो त्या ‘ठाव नाही’पासून. तिनं काही उत्तर दिलं असतं, पूर्वजन्म, प्रारब्ध, देवाची मर्जी, तर मी तिथेच उठले असते.

कारण माझाही हिशेब होताच. लाल वही पंढरीला गेली, पण दुसरी एक वही मनात होती आणि तीत देवाच्या नावाचं खातं होतं. मी कुणाचं वाईट केलं नाही. आई गेली तेव्हा तक्रार केली नाही. गरोदरपणात हातून होईल तेवढं सगळं केलं. म्हणजे माझं त्याच्याकडे काहीतरी निघतं, अशी ती नोंद होती. शेजारच्या पेटीतल्या मुलाच्या आईचं खातं माझ्याहून मोठं होतं, आणि तिचं काही निघालं नाही. विश्वास म्हणजे येणं असेल, तर तिच्यापुढे मान वर करून मी देवाचं नाव कुठल्या तोंडानं घेणार होते?

तुकोबांची गाथा पाण्यात गेली आणि तेरा दिवसांनी वर आली ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. त्यांनी त्याच्याही कितीतरी आधी इंद्रायणीत काहीतरी सोडलं होतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. देहूचं ते घराणं व्यापाराचं आणि सावकारीचं. 1630 चा दुष्काळ आला, दुकान बसलं, थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढे परंपरा सांगते ती अशी की, त्यांनी घरातली कर्जाची खतपत्रं बाहेर काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची म्हणून दिली आणि आपल्या वाट्याची नदीत सोडून दिली.

मी हिशेबनीस आहे, म्हणून या गोष्टीत मला जे दिसतं ते सांगते. खतपत्रं म्हणजे लोकांकडून यायचं येणं. स्वतःचं देणं कुणी नदीत बुडवलं तर त्याला आपण दिवाळखोर म्हणतो. तुकोबांनी बुडवलं ते येणं. भावाचा वाटाही बुडवला नाही, तो त्याचा त्याला मोजून दिला. म्हणजे जे दुसऱ्याला द्यायचं होतं ते दिलं, आणि जगाकडून आपल्याला जे मिळायला हवं होतं त्यावरचा हक्क तेवढा सोडला. आणि ते कागद पुन्हा वर आल्याचं कुणी सांगत नाही.

जुलैमध्ये एनआयसीयूच्या बाहेर बसून मी हेच करायचा प्रयत्न करत होते. दर तीन तासांनी दूध हे माझं देणं. सकाळ-संध्याकाळ छातीवर घेणं, हात स्वच्छ धुणं, डॉक्टर सांगतील ते नीट ऐकणं, ते सगळं देणं. ती जगावी हे येणं. ते मी रोज सोडत होते आणि रोज रात्री ते परत माझ्या हातात येत होतं. एका झटक्यात सुटलं, असं म्हणणाऱ्यांना नमस्कार. माझं सुटलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी झाली, पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढल्या नव्हत्या, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू म्हणाले. ते पंधरा दिवस मी पुन्हा रकाने आखले, कागदावर नव्हे, डोक्यात. आत्या रोज पहाटे विचारायची, “टाकली का वळकटी?” मी म्हणायचे, टाकते.

12 जुलैला आषाढी होती. हॉलमधल्या टीव्हीवर मुख्यमंत्र्यांची महापूजा दाखवत होते, आवाज बंद होता. आम्ही दहा-बारा आई-बाप त्या स्टीलच्या खुर्च्यांवर. विठोबाच्या मूर्तीला पंचामृताचं स्नान चाललं होतं, आणि मला पहिल्यांदाच त्याच्या हातांकडे बघून वेगळं काहीतरी वाटलं. कमरेवर हात. शस्त्र उगारलेलं नाही, वर द्यायला पुढे केलेले नाहीत. पुंडलिक आई-बापांची सेवा करत होता, म्हणून त्यानं वीट फेकली आणि देवाला सांगितलं, थांब. आणि तो थांबला. त्याला कुणी कधी आत बोलावेल हे सांगितलेलं नव्हतं. आम्ही सगळे त्या दाराबाहेर तसेच होतो. एवढी वर्षं मी त्याच्याकडे मागायला बघत होते. त्या दिवशी तो आमच्या रांगेतला वाटला. वॉर्डबॉयनं नाव पुकारलं की एकेक आई उठायची, चप्पल काढायची, आत जायची.

वही पौर्णिमेनंतर परत आली. दिंडीतल्या एक मावशी फलटणला उतरण्याऐवजी मुद्दाम पुण्यापर्यंत येऊन देऊन गेल्या. त्याच प्लास्टिकच्या पिशवीत चुरमुरे, बत्तासे आणि बुक्क्याची पुडी होती. पुडी फुटून पुठ्ठ्यावर काळा डाग पडला होता. मंदिरात नेली का, कळसाच्या दर्शनाला नेली का, ट्रकातच होती का, मी विचारलं नाही. उघडलीही नाही. ती आजही कपाटात, साड्यांच्या खाली आहे.

(आत्याची विसावी वारी पुढच्या वर्षी होणार होती. 2020 ला पायी वारीच झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. गावातल्या बाया हळहळत होत्या. आत्या टीव्हीपुढे हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, माउलीनं यंदा स्वतःलाच गाडीत टाकलं.)

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला घरी सोडलं. कोल्हापूर-सांगली पुरात होती, पुण्यातही पावसानं खळ घेतला नव्हता. वजन 1,820 ग्रॅम. कॅफिन बंद होऊन आठवडा झाला होता, डोळ्यांचा दुसरा रिपोर्ट बरा आला होता. छप्पन्न दिवसांनी तिच्या पावलाची ती लाल दिव्याची पट्टी सिस्टरनं सोडवली, पट्टीचा वळ तिच्या पायावर राहिला होता. मी विचारलं, घरी लावायला असलं काही मिळतं का. डॉक्टर म्हणाले, गरज नाही.

घरी यंत्र नव्हतं. आवाज नव्हता. पहिल्या रात्री ती माझ्या आणि भिंतीच्या मध्ये होती, आणि खोलीत एवढी शांतता होती की मला ती सहन होईना. मी कुशीवर वळून तिच्या छातीकडे बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसत होता. एका मिनिटात बेचाळीस. पुन्हा मोजले, चव्वेचाळीस. तीनला तिला पाजलं. पुन्हा मोजायला लागले. खाली चटईवर आत्या जागीच असावी, कारण अंधारातून तिचा आवाज आला, “टाक आता.”

कुठल्या आकड्यावर डोळा लागला ते आठवत नाही. दूधवाल्याच्या बेलनं जाग आली. उजाडलं होतं. माझ्याजवळची जागा रिकामी होती. आत्या खिडकीपाशी बसली होती, मुलगी तिच्या मांडीवर, आणि ती हलक्या आवाजात हरिपाठ म्हणत होती. मुलगी कुरकुरली, आणि मी उठून बसले तेव्हा कळलं, माझा गाऊन पान्ह्यानं पुढून सगळा भिजला होता.